वेढा सोडून पळालेली माणसं

"आमची माणसं कुठे गेली?" किस्पेबाईंनी विचारलं.

स्क्रीनवर खरंच कोणी नव्हतं. मधोमध ला पाझ शहर, त्यात निवांत बसलेले स्पॅनिश सैनिक आणि भोवतीच्या डोंगरकडांवर चिटपाखरू नाही.

मी सुनीलकडे पाहिलं. सुनील माझा बॉस, मूळचा नागपूरचा. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्याच्या छोट्या कंपनीत आम्ही म्युझियमसाठी कियॉस्क बनवायचो, म्हणजे मुलांनी बोट लावून खेळायचे मोठे स्क्रीन. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यापासून कामं आटली होती. हा डेमो नापास झाला तर कंपनीला टाळं लागणार होतं. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे मलाही बाडबिस्तरा गुंडाळून पुण्याला परत जावं लागलं असतं.

विषय होता बोलिव्हियातल्या आयमारा लोकांचं स्पॅनिश सत्तेविरुद्धचं बंड. सव्वादोनशे वर्षांपूर्वी कोकाची पानं आणि कापड विकणाऱ्या एका आयमारा माणसाने हजारोंची फौज उभी केली आणि ला पाझला महिनोन्महिने वेढा घातला. किस्पेबाई स्वतः आयमारा, शिकागोत शिक्षिका. म्युझियमने त्यांना सल्लागार नेमलं होतं. त्यांनी मान हलवली तरच डेमो पास.

स्क्रीनवरच्या माणसांनी कधी काय करायचं, याचे नियम लिहावे लागतात. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. माझी स्क्रिप्ट सोपी होती: अचानक हल्ला करा आणि शत्रू सावरायच्या आत डोंगरात पसार व्हा. ऑफिसात सुनीलने ती पाहून टाळ्या वाजवल्या होत्या. "वा! एकदम गनिमी कावा यार!" आम्ही दोघंही चौथीच्या इतिहासावर पोसलेले. बंड म्हटल्यावर दुसरं काही सुचणार थोडंच!

मी बाईंना तेच समजावलं. "आमच्या राजांनी असंच राज्य उभं केलं. हल्ला करायचा आणि गडावर परत."

"छान. मग इथे गड कुठे आहे?"

मी नकाशा नीट पाहिला. गड नव्हताच.

"शहर वाटीच्या तळाशी, आम्ही वाटीच्या काठावर. आम्ही कशाला पळू?" बाई खो खो हसल्या. "आम्ही तिथेच बसलो. चुली मांडल्या. आमच्या पुढाऱ्याची बायकोसुद्धा फौज सांभाळत होती. खाली अन्न जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम."

"शुक्रवारपर्यंत फिक्स करतो," सुनील म्हणाला. मला न विचारता, अर्थातच.

पळण्याचा नियम काढला. आता माणसं पुतळ्यासारखी उभी राहिली. सुनील वैतागला. "हे काय गं? मंगल कार्यालयात पंगतीची वाट बघत बसल्यासारखे दिसतायत!"

पंगत म्हटल्यावर मला चुली आठवल्या. मी बाईंना फोन केला. "वर काय शिजवायचे?"

"बटाटे! आणखी काय?"

मग मी काठावर चुली पेटवल्या, धूर सोडला, बायकांच्या पाठीवर बटाट्यांची गाठोडी दिली. खाली शहरात धान्याचं कोठार हळूहळू रिकामं होऊ लागलं. वेढा म्हणजे काय, ते न सांगता कळत होतं.

शुक्रवारी बाई बराच वेळ त्या धुराकडे बघत राहिल्या. शेवटी स्क्रीनवर, इतिहासात घडलं तसंच, स्पॅनिशांच्या मदतीला बाहेरून सैन्य आलं, वेढा मोडला आणि तो पुढारी मारला गेला.

"मुलं नाराज होतील. शेवट जरा बदलू या का?" सुनीलने विचारलं.

"हरलो ते हरलो. तसंच दाखवा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मान हलवली. मला आनंदाने रडूच कोसळायचं बाकी होतं.

म्युझियममध्ये पहिल्या दिवशी एक मुलगी खेळली आणि अर्थातच हरली. काठ रिकामा झाला. तिने क्षणभर पाहिलं आणि 'पुन्हा खेळा'वर बोट दाबलं. काठावर चुली पुन्हा पेटल्या. तिच्यामागे मुलांची रांग लागली होती.

"बघ," माझा हात घट्ट धरून किस्पेबाई म्हणाल्या, "आमची माणसं परत आली."

कंपनी तरली, माझा व्हिसाही वाचला. तेव्हापासून नवा प्रोजेक्ट आला की मी आधी नकाशा बघते. चौथीचा इतिहास नंतर.