भरल्या गाडीचं माप

आमची आत्या कपडे शिवते. दुकानात कोणी आलं की ती आधी त्याला खुर्चीत बसवते, गळ्यातली टेप काढते आणि दम देते, "पोट आत घेऊ नकोस. पँट काय श्वास रोखून घालणार आहेस?" कमरेचं माप ती गिऱ्हाइकाला बसवूनच घेते. उभ्याने घेतलेलं माप बसल्यावर उघडं पडतं, असं तिचं म्हणणं.

लग्न तिने केलं नाही, जुनी गाडी मात्र केली. लांबलचक, बुटकी, मागे दोन सायलेन्सर. सुरू झाली की दोन पैलवानांनी एकदम घसा खाकरल्यासारखं वाटायचं. पण त्यांच्या दोन्ही नळ्या गाडीच्या पोटाखाली इतक्या लोंबायच्या की गाडी भरलेली असली तर आमच्या फाटकापुढच्या गतिरोधकावर खर्रर्र करून घासायच्या. आत्याचा उपाय सोपा. गतिरोधक आला की म्हणायची, "उतरा." आम्ही उतरायचो, हलकी झालेली गाडी पलीकडे जायची, आम्ही चालत जाऊन पुन्हा बसायचो. आई तर पर्स सीटवरच ठेवून उतरायची.

एका रविवारी बाबांचं डोकं फिरलं. अंगात नवा सूट, हातात फुलांचा गुच्छ आणि अख्ख्या गल्लीसमोर ही उतरचढ. संध्याकाळी ते आत्याच्या दुकानात शिरले.

"ताई, बास झालं. पुढच्या रविवारी एक जण गाडी बघायला येतोय."

"माझी गाडी? आणि गिऱ्हाईक तू बोलावलंस?"

"कागदावर नाव माझं आहे."

हे खरं होतं. गाडी घेतली त्या दिवशी आत्याच्या दुकानात गर्दी होती, म्हणून सह्या करायला बाबा गेले होते.

आत्याने कात्री खाली ठेवली. "आणि भरलेली गाडी न घासता गेली तर?"

"तर त्याला नाही म्हणून सांगेन. पण सगळे आत बसलेले हवेत!"

दुसऱ्याच दिवशी आत्या सायलेन्सरवाल्याकडे गेली. त्याला सगळे ठिणगी म्हणतात. त्याने गाडी लिफ्टवर चढवली, गोल सायलेन्सर काढून चपटे घातले, खाली लोंबणारे क्लॅम्प उडवून सांधे वेल्ड केले आणि दोन्ही नळ्या गाडीच्या पोटाशी नेऊन चिकटवल्या. काम देखणं झालं. गाडी खाली उतरवली, आत्या थोडी पुढे गेली आणि मागून आवाज आला, ठक! ठक!

"हे कोण दार वाजवतंय?"

"मागच्या चाकांचा दांडा, ॲक्सल, मावशी," ठिणगी डोकं खाजवत म्हणाला. "लिफ्टवर चाकं लोंबत होती तेव्हा जागा भरपूर दिसली. खाली टेकल्यावर ॲक्सल वर आला."

"म्हणजे तू उभ्याने माप घेतलंस! मेल्या, गाडी बसव. खड्ड्यावर घे. माणसं मी आणते."

आणि आम्ही सगळे गॅरेजमधल्या खड्ड्यावर उभ्या केलेल्या गाडीत जाऊन बसलो. आत्या आणि मी पुढे. आई, बाबा आणि जाडजूड काका मागे. ठिणगी खाली खडू घेऊन.

खालून आवाज आला, "डावीकडे कोण आहे? जरा मधे सरका!"

"मधे वहिनी आहे," काका म्हणाले.

"मग राहू द्या. अहो, वजन एकदम कमी कसं झालं?"

"हे सीटवरून अर्धवट उठलेत," आईने बाबांची चुगली केली.

आत्या गर्रकन वळली. "बस खाली! वजन चोरतोस?"

"ताई, मी स्वतःच्याच विरोधात बसलोय इथे!"

"मग नीट टेकून बस."

ठिणगीने ॲक्सलपासून दोन बोटं जागा सोडून नळ्या पुन्हा वाकवल्या.

रविवारी आम्ही निघालो. आत्या फाटकातून बाहेर आली, गतिरोधकापाशी तिने गाडी हळू केली आणि आम्ही खाडकन दारं उघडली. आम्ही सगळे रस्त्यावर! सगळ्यांत आधी बाबा. गाडी एकटीच, न घासता पलीकडे गेली.

आत्याने खिडकीतून मागे पाहिलं. "उतरा म्हटलं का मी?"

"सवय हो," आई पुटपुटली.

"गेली की! मान्य करून टाक, दादा," काका म्हणाले.

"हे धरायचं नाही," बाबा म्हणाले.

"नाहीच धरायचं." आत्याने गाडी मागे आणली. "बसा. आणि जो उतरेल त्याने चालत यायचं."

पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली. बाबांचा कान खिडकीबाहेर. मागची उतरली. खर्रर्र नाही.

"लागलं," बाबा म्हणाले.

"कुठे?"

"बारीकसं."

"पुन्हा ऐक." आत्याने रिव्हर्स टाकला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. गॅलऱ्यांत माणसं जमली. काका हात हलवायला लागले. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. गिऱ्हाईक कोपऱ्यावर येऊन थांबलं होतं आणि त्याला एक लांबडी गाडी मघापासून एकाच जागी पुढेमागे होताना दिसत होती.

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्या समोर बघत होती; स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडलेली.

"हो, तीच," बाबा फोनवर म्हणाले. "पण विकायची नाहीये... अहो, बिघडलीय. बघताय ना? पुढे जातच नाही."

फोन बंद झाला.

"बिघडलीय?" आत्याने गिअर टाकला. "थांब, तुला त्याच्या नाकासमोरून नेते."

"ताई, नको!" म्हणत बाबा आईच्या पर्समागे तोंड लपवून वाकले, आणि भरलेली गाडी खाकरत कोपऱ्याकडे सुटली.