जमुनाबाईची भुजली

गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या छोटेलालला उतारवयात नागपूर पाहायची हौस आली. नुसतं पाहायची. गोष्ट १९३६-३७ च्या सुमाराची. त्या काळी इकडचा माणूस नागपूरला जायचा तो कोर्टाच्या तारखेला, नाहीतर दवाखान्यात, नाहीतर इतवारीत माल भरायला. काही काम नसताना गाडीत बसायचं, शहर बघायचं आणि परत यायचं, हा प्रकार गावाला माहीतच नव्हता. त्यामुळे छोटेलालनं बेत बोलून दाखवला तेव्हा लोकांनी आधी त्याच्या तब्येतीची चौकशी केली.

तब्येत ठणठणीत होती. धानाचा आणि लाखेचा व्यापार मुलांनी अंगावर घेतला होता, धान घरात येऊन पडलं होतं, आणि रिकामं बसणं छोटेलालच्या स्वभावात नव्हतं. त्यानं चार दिवस ठरवले. महाराजबागेतला वाघ, अजबबंगल्यातलं संग्रहालय, सीताबर्डीचा किल्ला, इतवारीचा बाजार. बायकोलाही न्यायचं ठरलं. तिला विचारलं नव्हतं, पण त्या घरात कोणी कोणाला फारसं विचारत नसे.

बायको म्हणजे जमुनाबाई. माहेर नवेगाव बांध. हाडापेरानं मजबूत, कामाला वाघीण, आणि बोलायला इतकी कमी की चार शब्द लागतील तिथं एकात भागवायची. नवऱ्याशी तिनं जन्मात भांडण केलं नाही. तिला एखादी गोष्ट नको असली की ती करायची नाही, एवढंच.

बेत पक्का करायला छोटेलालनं खुशालला घरी बोलावलं. खुशालचं गोंदियाच्या स्टेशनाजवळ चहा-भज्यांचं दुकान होतं आणि नागपूरच्या चार फेऱ्यांच्या जोरावर तो त्या शहराचा मालक असल्यासारखा बोलायचा.

"चार दिन नागपुरात काय करता, भाई? एक दिवस कामठी जोडा, एक दिवस रामटेक. इतवारीहून सकाळी गाडी, सांजच्याले वापस."

छोटेलालनं मान हलवली. "अशानं काहीच धड होत नाही. एक ना धड भाराभर चिंध्या. नागपूर म्हणजे नागपूर."

जमुनाबाई ओसरीच्या कडेला तांदूळ निवडत बसली होती. वाघाचं नाव निघालं, किल्ल्याचं निघालं, तिनं मान वर केली नव्हती. आता मात्र सूप थांबलं.

"रामटेकले जाऊ."

"काऊन?"

"रामाचं दर्शन."

छोटेलाल बघतच राहिला. देवाधर्माचं वेड तिला कधी नव्हतं. त्यानं समजावून पाहिलं, शहराचा एक अख्खा दिवस फुकट जातो म्हणून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग तुमीच जाऊन या. मी नाही येत." रामाच्या नावाला नाही म्हणायची छोटेलालची छाती नव्हती, आणि एकट्यानं नागपूर पाहण्यात मजा नव्हती. त्यानं रामटेक पहिल्याच दिवशी टाकलं. कडू औषध आधी घेतलेलं बरं, असा हिशेब.

खरी गोष्ट वेगळी होती. रामटेकला तिची भुजली होती.

झाडीपट्टीत हे नातं फार मोठं. श्रावणात पोरी टोपलीत गहू पेरतात, अंधारात वाढवतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे कोवळे अंकुर तळ्यावर नेऊन पाण्यात शिरवतात, थोडे मागे ठेवतात. ज्या दोघी ते अंकुर एकमेकींच्या कानावर खोचतात, त्या जन्माच्या भुजली झाल्या. मग जात वेगळी असो, घर वेगळं असो. आणि त्या दिवसापासून एकीनं दुसरीचं नाव घ्यायचं नाही, कधीच नाही. नाव घेतलं तर नातं तुटतं आणि जिचं नाव घेतलं तिच्यावर अरिष्ट येतं. नवऱ्याचं नाव निदान उखाण्यात तरी घेता येतं. भुजलीच्या नावाला तीही पळवाट नाही.

जमुनाबाईची भुजली बाऱ्याची, म्हणजे विड्याच्या पानांचे मळे करणाऱ्या जातीतली लेक. नवेगावच्या तळ्याच्या पाळीखाली तिच्या बापाचा पानमळा होता. दोघी तळ्यात सोबत डुंबल्या, सोबत मार खाल्ला. मग एका उन्हाळ्यात भुजलीचं लग्न रामटेकच्या पानमळेवाल्यांत झालं, पुढच्या उन्हाळ्यात हिचं नागऱ्याला. भुजलीचे आईबाप गेले, मळा मोडला आणि खबर देणारं कोणी उरलं नाही. नवऱ्याला यातलं काही सांगावं असं जमुनाबाईला वाटलं नाही. तो हसला असता, आणि या गोष्टीवर कोणी हसलेलं तिला चाललं नसतं.

रामटेकला ती गड असा चढली की छोटेलालला धाप लागली. दर्शन झटक्यात उरकलं. तो मनातून खूश झाला, दुपारचीच गाडी मिळाली तर पाहावी असं म्हणू लागला. पायथ्याशी येताच जमुनाबाईनं एका बाईला बाऱ्यांची आळी कुठं म्हणून विचारलं आणि चालू लागली.

"अवं, कुठं जाऊन राहिली?"

"माही भुजली राहते तिथं."

आळीत घरोघर ओसरीवर बायका विड्याची पानं लावत बसल्या होत्या. रुख्मा नावाच्या एका म्हातारीनं दोघांना बसायला फळी दिली आणि कोणाकडे आलात म्हणून विचारलं.

"भुजलीकडे."

"नाव काय तिचं?"

जमुनाबाईनं पदर सारखा केला.

"सांग ना नाव!" छोटेलाल म्हणाला.

"भुजलीचं नाव घेत नाहीत. तुमाले मालूम नाही का?"

"अवं पण मंग मानूस सापडंल कसं?"

घरून निघताना आणि गाडीत बसतानाही हे जमुनाबाईच्या डोक्यात आलं नव्हतं. आळीत गेलं की भुजली समोर दिसेल, असंच ती धरून चालली होती. बापाचं नाव विचारलं, तर नवेगावात बारी एकच, त्याला सगळे बारीच म्हणायचे. "बाऱ्याची लेक," तिनं सांगितलं, आणि ओसरीवरच्या सगळ्या बारिणी तोंडाला पदर लावून हसल्या. दिसायला कशी, तर हसरी. शेवटचं कधी पाहिलं, तर तिच्या लग्नात.

"माह्या कानात सांग," छोटेलाल रडकुंडीला येऊन म्हणाला. "मी विचारतो."

"कानात सांगितलं तरी घेतलंच ना."

तो कपाळाला हात लावून बसला. एवढ्या लांब येऊन, शहराचा एक दिवस घालवून, ही बाई दारात अडून बसली होती. तिनं नाव घेतलं असतं तरी काही उपयोग नव्हता, ही गंमत दोघांनाही माहीत नव्हती. लग्नात भुजलीचं नाव बदललं होतं आणि ते बदललेलं नावही आळी कधीच विसरली होती.

रुख्मा मात्र जमुनाबाईकडे निरखून पाहत होती.

"आमच्या शालीकरामच्या मायची बी अशीच खोड हाय," ती म्हणाली. "झाडीत माही भुजली हाय म्हणते. नाव विचारलं का तोंडाले कुलूप."

जमुनाबाई उभी राहिली. "घर दाखवा."

शालीकरामची माय घरी नव्हती, मळ्यात होती. गावाबाहेर बांबू-गवतानं चहूकडून शाकारलेला तो मळा. आत जोडे घालून जात नाहीत. छोटेलालनं जोडे काढले आणि दाराशीच बसला. जमुनाबाई आत गेली. आतल्या हिरव्या अंधारात एक पांढऱ्या केसांची बाई वेल आधाराला बांधत होती.

"भुजली," जमुनाबाईनं हाक मारली.

त्या बाईनं वळून पाहिलं. हातातली गवताची दोरी खाली पडली. जमुनाबाई रडली, मोठ्यानं रडली. लेकीच्या पाठवणीतही ती रडली नव्हती. भुजली रडली नाही. तिनं जमुनाबाईचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "काऊन आली नाही आजपावेतो?"

"आता आली ना."

मग दोघी वेलांमध्ये बसल्या. किती लेकरं झाली, किती जगली, नवरा केव्हा गेला, गुडघे कसे आहेत, असंच बोलणं झालं. दाराशी छोटेलाल दोनदा खाकरला आणि शेवटी गाडीची वेळ झाल्याचं त्यानं ओरडून सांगितलं. जमुनाबाई लगेच उठली. तिचं मन भरलं होतं. उद्या वाघ पाहायलाही तिची आता ना नव्हती.

भुजलीनं वाटेसाठी पानं खुडली आणि ओल्या फडक्यात बांधता बांधता सहज म्हणाली, "मी बी आली होती तुह्याकडे, एकडाव."

"माह्याकडे?"

"शालीकराम पोटात होता. ह्यायले हट्ट करून नागऱ्याच्या शिवरात्रीले आणलं. तुले गोंद्याकडं देल्लं एवढंच मालूम होतं. म्हटलं, एवढी मोठी यात्रा, येईनच माही भुजली. देवळाच्या पायरीशी सकाळपासून उभी राह्यली. बायकांचे तोंडं पाहू पाहू डोळे दुखले. दिवेलागणीले हे म्हणाले, कोणाले विचारून तरी पाह्य. आता विचारू कसं? नाव कसं घेऊ?"

दर शिवरात्रीला जमुनाबाईच्या सासरी पाहुण्यांच्या पंगती उठत. नवी सून म्हणून ती दिवसभर चुलीपुढून हलत नसे. यात्रेचा गलका घरात ऐकू यायचा.

"माहं घर देवळाच्या मागंच हाये," ती म्हणाली. "मागल्या दारातून कळस दिसते."

फडक्याची गाठ मारणारे हात थांबले. आता भुजली खाली बसली आणि पदरात तोंड घालून, इतक्या वर्षांचं सगळं एकदम आल्यासारखी, हमसून हमसून रडू लागली. जमुनाबाई तिच्या शेजारी बसली.

"अवं, गाडी जाते ना!" दारातून छोटेलाल म्हणाला. त्यानं सगळं ऐकलं होतं, तरी म्हणाला.

"तुमी जा. नागपूर पाहून या. घरी जाच्या दिवशी मले न्याले येजा."

"अन् तू?"

"मी इथून उठत नाही."

छोटेलालनं जोडे हातात घेतले आणि अनवाणीच स्टेशनाच्या वाटेला लागला. बरंच पुढं गेल्यावर, पायात खडा रुतला तेव्हा, जोडे घालायचे राहिल्याचं त्याच्या ध्यानात आलं.