दाजींचा भोंगा

सूर्य आमच्या दाजींना विचारून उगवतो, असं माकणीतल्या निम्म्या गावाला अजून वाटतं, आणि उरलेल्या निम्म्याला त्याची खात्रीच आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. घरोघरी छपरांवर सोलरच्या प्लेटा बसल्या आणि सगळ्यांची वीज एकत्र विकायचं ठरलं, तेव्हा कुणी न सांगता त्यांनी ते काम अंगावर घेतलं. "एकट्याच्या तांब्याला कोण इचारतंय? सगळ्यांचं दूध एका कॅनमधी गेलं की टँकर दारात येतो," एवढ्यावर त्यांनी गाव जमवलं. विजेला मागणी आली की वीज घेणाऱ्या कंपनीचा त्यांच्या मोबाईलवर निरोप यायचा, आणि लगेच देवळाच्या भोंग्यावर दाजी: गिरणी थांबवा, मोटारी थांबवा, कूलर बंद. घरात कमी जाळाल तेवढी तारेत जास्त जाते. प्लेटांवर कुरडया वाळत घालणाऱ्या बायकांची नावंही ते भोंग्यावरूनच घेत. पहिलं नाव अक्काचं असे, आणि त्या दिवशी त्यांना जेवायला उशिरा मिळे.

भाचीच्या लग्नात तर कहर झाला. भर उन्हाळ्यातला दुपारचा मुहूर्त, वऱ्हाड उमरग्याचं. मी मामा म्हणून नवरीच्या पाठीशी उभा, आणि दाजींच्या खिशात निरोप वाजला. ठरलेली वीज द्यायचा गावाचा शब्द आधी एकदा चुकला होता. पुन्हा चुकला तर गावाची वीज कुणी घेणार नव्हतं. दाजींनी भटजींपुढचा माईक ओढला आणि मांडवातले कूलर बंद करायला सांगितले. नवरदेवाचे काका तडक उठून चालायला लागले. आजच्या दिवस जाऊ द्या की, म्हणून अक्का रडकुंडीला आली. दाजींनी माईक सोडला नाही, पण नजर लेकीकडं. मला वाटलं, मोडलं लग्न. तेवढ्यात माझ्यापुढं मान खाली घालून उभी असलेली भाची बोलली, "मामा, आबांनी सांगितलंय न्हवं? बंद करा." अंतरपाटापलीकडं नवरदेव हसला, तेव्हा कुठं काका परत बसले. सगळ्या मांडवानं उपरण्यानं वारा घेत अक्षता टाकल्या.

आता घरोघरी एक डबी बसलीय. निरोप थेट तिलाच येतो, आणि कुणाला न विचारता ती सगळं आपोआप चालू-बंद करते. चूक नाही, भांडण नाही. दाजी ओट्यावर मोबाईल उलटासुलटा करत बसतात, आणि ते बघून माझा जीव तुटतो. नाव घेणारं कुणी नाही म्हणून बायकांनाही करमत नाही.

परवा मी तिथंच होतो. ऊन डोक्यावर आलं आणि भाचीचा फोन आला. रोज याच वेळेला येतो म्हणे. उमरग्याला तिच्या छपरावर एक प्लेट नाही, माकणीच्या विजेशी तिचा काही संबंध उरलेला नाही.

"आबा, कूलर लावू का?"

दाजींनी कपाळावर आडवा हात धरून सूर्याकडं नीट बघितलं.

"जरा दम धर, बाई," ते म्हणाले. "म्या सांगतो."