दहा फुटी मशीन आणि अप्पाचा कान

सिरसाळ्याच्या बाजारपेठेत गुंडप्पाच्या दुकानासमोर उभं राहिलं की आधी त्याच्या पाट्या अंगावर येत. ‘विनाकारण उभे राहू नये.’ ‘घाई असल्यास परळीला जावे.’ ‘अक्षर कसे काढावे हे आम्हास शिकवू नये.’ आणि या सगळ्यांच्या वर, लाल ऑइलपेंटनं, काळी सावली देऊन काढलेली सगळ्यात मोठी पाटी : ‘शेजारच्या दुकानाशी आमचा कसलाही संबंध नाही.’

शेजारचं दुकान म्हणजे केदार फोटो स्टुडिओ, आणि तो चालवणारा केदारनाथ हा गुंडप्पाचा सख्खा धाकटा भाऊ. त्याच्या दारावरही एक पाटी होती. साध्या छापील अक्षरांत. ‘आमचाही नाही.’

गावात कुणाचं गुंडप्पाशी पटत नव्हतं आणि गुंडप्पाला त्याची खंत नव्हती. गिऱ्हाईक आलं तर वर बघायचं नाही, मजकूर आवडला नाही तर तोंडावर सांगायचं. एका किराणावाल्यानं दुकानाला ‘सुपर बाजार’ नाव दिलं, तर त्याला म्हणाला, “दोन पोती गूळ आन एक डबा तेल, ह्याला सुपर बाजार कावून म्हनायचं बे?” पण पाटी अशी काढून दिली की तो किराणावाला येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायचा. हात सोन्यासारखा, जीभ कोयत्यासारखी. लोक हातासाठी यायचे आणि जीभ सोसायचे.

भावाभावांतलं बिनसलं ते एका कानावरून.

त्यांच्या अप्पांचा डावा कान फाटका होता. गुंडप्पा मांडीवरचा असताना त्यानं अप्पांच्या कानातली बाळी मुठीत धरून ओढली, पाळी चिरली आणि तशीच दुभंगून राहिली. हा किस्सा घरात, पाहुण्यांत, लग्नाकार्यात ज्यानं त्यानं सांगितला. अप्पा दर वेळी हसायचे. गुंडप्पाला मात्र एकदाही हसू आलं नाही. अप्पा गेले तेव्हा त्यानं दार लावून घेऊन त्यांचं चित्र काढलं. कपाळावरचं भस्म, गळ्यातलं लिंग, फेट्याचा पीळ, सगळं जिथल्या तिथं. फक्त कान धड काढला.

केदारनाथनं चित्र बघितलं आणि चारचौघांत म्हणाला, “ह्यो कोन हाय? आपला अप्पा न्हाई ह्यो. अप्पाचा कान तूच फाडलास, आन आता रंग लावून शिवायलास व्हय?”

त्यानं स्वतः काढलेला फोटो मोठा करून भिंतीला लावला. गुंडप्पानं आपलं चित्र उतरवलं, जुन्या धोतरात गुंडाळलं आणि गवंडी बोलावला. अप्पांचं दुकान वीस फूट रुंद होतं. मधोमध भिंत उभी राहिली. इकडं दहा, तिकडं दहा, आत बारा फूट खोली दोघांना सारखीच. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. जे काही बोलायचं ते पाट्या बोलायच्या.

मग फ्लेक्स आलं. आधी बीडला, मग परळीला, मग खेड्याखेड्यांत. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला आणि ज्याला त्याला आपलं तोंड चौकात टांगलेलं बघायची हौस सुटली. वाढदिवस, निवड, नियुक्ती, दहावी पास. ब्रश वाळून कडक झाले. गुंडप्पानं वर्षभर दात खाल्ले, शेवटी हैदराबादेहून एक वापरलेलं सहा फुटी मशीन आणलं. ज्या फोटोंना तो आयुष्यभर मेलेली तोंडं म्हणत आला, तेच आता मशीनमधून काढून गुंडाळ्या करायची पाळी आली. त्यातही निम्मे फोटो शेजारच्या स्टुडिओत काढलेले.

मशीनचं आणि त्याचं जमलं नाहीच. सरकीचा हंगाम आला की कापसाच्या जिनिंगचे तंतू हवेत उडायचे, शाईच्या बारीक छिद्रांत जाऊन बसायचे आणि छापलेल्या तोंडांवर आडव्या पांढऱ्या रेघा उठायच्या. गुंडप्पा मशीनला शिव्या घालायचा. मशीन आणखी रेघा काढायचं. झेडपीची निवडणूक तोंडावर आली आणि ते कायमचंच बसलं.

गावचे पुढारी भगवानराव सर्कलमधून, म्हणजे झेडपीच्या गटातून, उभे राहणार होते. ते दुकानात आले ते खुर्चीवर न बसता.

“गुंडप्पा, मागच्या खेपंला तू माजी मान कापली.”

“मी न्हाई. वाऱ्यानं.”

झालं होतं ते असं. मोठा बॅनर सहा फुटी मशीनवर एका पट्टीत निघत नाही; दोन पट्ट्या काढून जोडाव्या लागतात. मागच्या निवडणुकीत तो जोड नेमका भगवानरावांच्या मानेवर आला. बसस्टँडवर वारं सुटलं, जोड उकलला, आणि दोन दिवस भगवानरावांचं मुंडकं मागं लटकून हात तेवढे जोडलेले राहिले. विरोधकांनी त्याच्याखाली उभं राहून चहा प्यायला. भगवानराव पडले, आणि ते मतांनी पडले नसून जोडानं पडले असं त्यांचं ठाम मत झालं.

“औंदा माज्या तोंडात जोड नगो,” ते म्हणाले. “दहा फुटी मशीन आन. न्हाई आनलं तर मी परळीला चाललो. आन मी गेलो की माज्या मागं कोन कोन जातंय ते तुला म्हाईत हाय.”

त्याला माहीत होतं. निवडणुकीचं काम एकदा परळीला गेलं की वाढदिवसाचंही जाणार, बारशाचंही जाणार. दुकानात नुसत्या पाट्या उरणार.

आठवड्यात औरंगाबादेहून मशीन विकणारा आला. रवि नाव, गळ्यात टाय, हातात चकचकीत पुस्तक.

“काका, तुमच्यासाठी दोन चांगले पर्याय आहेत...”

“काका कुनाचा बे? मला पुतने न्हाईत.”

मशीनला तेल लावत बसलेली मल्लम्मा, गुंडप्पाची बायको, मान न उचलता म्हणाली, “शेजारी दोन हायेत.”

रवि हुशार होता; त्यानं काका म्हणणं सोडलं आणि सहा फुटी नव्या मशीनचं पान उघडलं. गुंडप्पानं त्याची उलटतपासणीच घेतली. वीज गेली तर अर्ध्यावर थांबलेलं फ्लेक्स पुढं त्याच रंगात निघतं का? सरकीचे तंतू बसले तर कोण काढतंय, तू का तुझा बाप? शाई तुमचीच घ्यावी लागती का बाहेरची चालती? छपाईच्या नमुन्यात गोरी बाई होती. गुंडप्पानं तो बाजूला सारला. “असली बाई आमच्याकडं कुनी टांगीत न्हाई. उन्हानं रापलेलं तोंड काढून दाव. तुमचं मशीन काळं मानूस काढतंय का लाल माकड, ते बघू दे.”

रविनं दहा फुटीवर काढलेला एक नमुना उलगडला. कुठल्याशा सरपंचाचं तोंड, काळंसावळं, तुकतुकीत, घामाच्या थेंबासकट. गुंडप्पानं तो बराच वेळ बघितला. नाव ठेवायला जागा सापडली नाही म्हणून त्याला आणखी राग आला.

“लांबी किती मशीनची?”

“छपाई दहा फूट, पण मशीन चौदा फूट.”

कर्जाला बँक तयार होती. अडचण जागेची होती. दहा फूट रुंद, बारा फूट खोल. आडवं बसत नाही, उभं बसत नाही. गुंडप्पानं सुतळी आणली आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ताणून धरली.

“तिरपं बसतंय,” तो म्हणाला.

“बसंल की,” मल्लम्मा म्हणाली. “तुमी कुठं हुबं ऱ्हानार? मशीनच्या डोक्यावर?”

रविनं मधल्या भिंतीवर टकटक केलं. “सगळी पाडायची गरज नाही. छापलेलं फ्लेक्स खालच्या दांड्यावर गुंडाळत जातं. मशीनपुरतं भगदाड पाडलं तरी भागतंय. एक टोक तिकडं जाईल.”

“भितीला हात लावायचा न्हाई,” गुंडप्पा म्हणाला. “मी सहा फुटी घेतो.”

रवि गेल्यावर मल्लम्मानं तेलाचा डबा खाली ठेवला. “घ्या सहा फुटी. भगवानराव परळीला जाईल. मग बसा पाट्या लिवीत. ‘दुकान बंद हाय’ एवढी एकच लिवायची ऱ्हायली हाय.”

“तू गप.”

“गपच हाय मी. भीत तुमी घातली तवाबी गपच व्हते.”

गुंडप्पा त्या रात्री जेवला नाही असं काही झालं नाही. तो पोटभर जेवला आणि वर भाकरी करपली म्हणून भांडला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यावर उतरला आणि शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला. केदारनाथ कॅमेऱ्याची काच पुसत होता. त्याच्या डोक्यावर अप्पांचा फोटो होता. गुंडप्पानं तिकडं बघायचं टाळलं.

“पाटी वाचाया आलास का?” केदारनाथ म्हणाला.

“मशीन घ्यायचंय. चौदा फुटाचं. भितीत भगदाड पाडावं लागंल. सा फूट तुज्याकडं येईल.”

“आन मी कावून येऊ देऊ?”

“न्हाई दिलं तर मी बुडतो.”

“मंग बूड की. मला बरंच हाय.”

“माजं फ्लेक्स बंद झालं की तुज्याकडून फोटू कोन काढून घेईल बे? परळीवाले तिथंच काढत्यात फोटू. तुज्याकडं रेशनकार्डाचे तेवढे ऱ्हातील.”

केदारनाथनं काच पुसणं थांबवलं. हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि ते भावाच्या तोंडून यावं याचा त्याला संताप आला.

“पाड भगदाड,” तो म्हणाला. “पन पयला फोटू अप्पाचा निघंल. ह्योच. दहा फुटी. आन आठ दिस बाहीर टांगायचा, बाजाराला दिसंल असा.”

“फोटूत अप्पा मेल्यावानी दिसतो.”

“मेल्यावरच लावलाय त्यो. तुला कशाची अडचन हाय ते मला म्हाईत हाय. दहा फुटात कान हातभर व्हतो.”

गुंडप्पा मागं वळला. तो दुकानात परत आला, रवि ठेवून गेलेल्या पुस्तकातलं सहा फुटी मशीनचं पान फाडलं आणि त्याची पुडी करून तंबाखू बांधली.

गवंडी तोच आला, ज्यानं भिंत घातली होती. मशीन शटरातून तिरपं घालून एक टोक भगदाडात सारलं. आठ फूट इकडं, सहा फूट तिकडं. छापणारा डबा रुळावरून सरसरत भिंतीपार जायचा, दिसेनासा व्हायचा आणि परत यायचा. पलीकडं केदारनाथ हाताची घडी घालून उभा. इकडं गुंडप्पा कंबरेवर हात ठेवून. दोघांना एकमेकांची फक्त पोटं दिसत होती.

रविनं संगणकावर अप्पांचा फोटो उघडला. “कान जरा खराब आहे. नीट करू? मिनिटाचं काम.”

“हात लावू नगो.”

“लोक करून घेतात.”

“म्हनलं ना, जसा हाय तसा काढ.”

“बरं. डोक्याकडून काढू का हनुवटीकडून?”

याला अर्थ होता. हनुवटीकडून सुरुवात केली तर चेहरा सुलटा उतरतो आणि अप्पांचा डावा कान भिंतीपलीकडं, केदारनाथच्या बाजूला निघतो. डोक्याकडून काढला तर चेहरा उलटा उतरतो आणि कान इकडं येतो.

“डोक्याकडून,” गुंडप्पा म्हणाला.

“बघवंल का तुला?” पलीकडून आवाज आला.

“तुला बघू द्यायचा न्हाई म्हनून. तू त्यो लई वर्सं बघितलास.”

आधी फेटा उतरला, मग कपाळ. भस्माचे पट्टे हातभर रुंद. मग डाव्या बाजूला कान खाली सरकू लागला. गुंडप्पानं खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसला. पाळीची चीर उतरायला लागली तशी तो पुढं वाकला. चीर एका रेषेत नव्हती. मधे वाकडी होऊन पुन्हा खाली गेली होती. इतक्या वर्षांत ती त्यानं कधी नीट बघितलीच नव्हती. लहान मुठीनं एका झटक्यात ओढलं नव्हतं, बाळी धरून ठेवली होती, आणि अप्पांनी सोडवून घ्यायला मान मागं नेली होती, असं काहीसं त्या वळणावरून दिसत होतं. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. मल्लम्मा चहा घेऊन आली तर तिच्यावर ओरडला, की उजेडात उभी राहू नको.

बॅनर बाहेर टांगला तेव्हा भगवानराव मोटारसायकलवरून उतरून बघायला आले. खालून वरून बघितलं, मान शोधली, मानेवर जोड शोधला. नव्हता.

“झकास,” ते म्हणाले. “माजं काम धर. पन अप्पाचा कान कावून असा फाटका ठिवला? नीट करायचा ना मशीनमधी.”

“न्हाई करत,” गुंडप्पा म्हणाला. “तुमचं तोंडबी हाय तसंच निघंल. गालावरचा वांग जायाचा न्हाई, डोळ्याखालच्या पिशव्या जायाच्या न्हाईत. चालत असंल तर फोटू द्या, न्हाईतर परळी हाय.”

भगवानरावांनी क्षणभर परळीच्या रस्त्याकडं बघितलं, मग मानेवरून हात फिरवला आणि खिशातून फोटो काढून दिला. केदार फोटो स्टुडिओचा.

निवडणूक लागली. मशीन दिवसभर चालू राहिलं. इकडून शाई भरायला गुंडप्पा, तिकडून गुंडाळी सरळ करायला केदारनाथ. कारण ती सरळ न केली तर फ्लेक्स चुरगळायचं आणि भगवानराव दोघांनाही सोडणार नव्हते. बोलणं मात्र झालं नाही. आठ दिवस संपले, अप्पांचा बॅनर उतरवायची वेळ झाली, तर केदारनाथ शिडी घेऊन आला आणि गुंडप्पानं शिडी धरायला नकार दिला. बॅनर उतरला नाही. उन्हानं फिका होत तिथंच राहिला.

भगदाडाच्या वर, मशीनच्या डोक्यावर, गुंडप्पानं एक नवी पाटी लावली. बऱ्याच दिवसांनी ब्रश भिजवून, लाल रंगात, काळी सावली देऊन : ‘या भगदाडातून बोलू नये.’

दुसऱ्या दिवशी त्याला कळलं की पाटी एकाच बाजूनं लिहिली आहे. त्यानं तीच दुसऱ्यांदा काढली, तितकीच सुबक, आणि मशीनवरून हात लांब करून पलीकडं सारली. पलीकडं खिळा ठोकल्याचा आवाज आला.