ताईच्या चार ओळी

आमच्या विभागाच्या संकेतस्थळावर सगळ्या संशोधक विद्यार्थ्यांचे फोटो आहेत. हाताची घडी, मागे झाडं, आणि चेहऱ्यावर आता काहीतरी मोठं शोधून काढणार असा भाव. माझाही तसाच आहे. फक्त ताईच्या नावापुढे डोकं आणि खांदे असलेली करडी, रिकामी आकृती होती आणि खाली लिहिलेलं, 'माहिती लवकरच'. ते 'लवकरच' सहा वर्षं चाललं.

ताई म्हणजे कुणाची सख्खी नव्हे. तिच्याहून मोठे असलेलेही तिला ताईच म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत ती बसायची. झाकण तुटलेली किटली, सूक्ष्मदर्शकाखाली दिवा, आणि भिंतभर काचेच्या कुप्या. कालव्यातला गाळ आणायचा, चाळायचा, आणि त्यातल्या मोहरीएवढ्या गोगलगायी बारीक ब्रशनं एकेक उचलून कुपीत टाकायच्या, हे तिचं काम. अशा चार हजार कुप्या तिनं भरल्या होत्या. पाठ गेली, चष्मा जाड झाला, पण हातातला ब्रश थरथरला नाही.

मग आमच्या सरांना नवीन वारं लागलं. आता नुसतं काम करून भागत नाही, दिसावं लागतं, असं त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं. प्रत्येकानं समाजमाध्यमावर आपलं पान उघडायचं, आठवड्याला काहीतरी टाकायचं. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, हे त्यांचं आवडतं वाक्य. ताईकडे माती भरपूर होती, बोलणं तेवढं नव्हतं.

गंमत अशी की दुसऱ्याबद्दल लिहायला बसली की तिच्यासारखं कुणी लिहीत नसे. जो तो तिच्या दारात, "ताई, माझ्याबद्दल जरा चार ओळी." ती ब्रश खाली ठेवायची, समोरच्याला स्टुलावर बसवायची आणि एकच प्रश्न विचारायची, "तू यात आलीस कशी?" अर्धा तास ऐकून घ्यायची आणि मग चार ओळी लिहून द्यायची. त्या वाचून आपल्यालाच आपला आदर वाटायला लागायचा.

मी गेले तेव्हा मला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मार्क बरे होते म्हणून आले, एवढंच. ताईनं थोडा विचार केला आणि स्वतःच्या वहीतलं एक वाक्य मला देऊन टाकलं. 'पाणी चांगलं की वाईट हे पाण्याला विचारू नये, त्यात कोण नांदतंय ते बघावं.' वही उघडलेली मी पाहिली होती. तरी घेतलं. त्या वाक्यानं माझं नशीब उघडलं. लोकांनी ते इकडून तिकडे पाठवलं, मला भाषणांना बोलावणी येऊ लागली. 'तुमचं ते वाक्य' असं कुणी म्हणालं की मी मान खाली घालून आभार मानायचे. शरम वाटायची, पण तेवढ्यापुरतीच.

यंदा ताईचं वय भरत होतं. कायम नोकरीच्या अर्जाला वयाची अट असते आणि तिला बसेल अशी ही शेवटचीच जागा होती. अर्जाबरोबर स्वतःबद्दल दोन पानं लागत. आठवडाभर ती त्यावर बसली आणि शेवटी वही उघडून तिनं आपलं सगळं लिहून काढलं. पाठवलं. दुसऱ्याच दिवशी निवड कार्यालयाचं उत्तर आलं. मजकुराचा जवळजवळ अर्धा भाग आधीच प्रसिद्ध असलेल्या तीन पानांशी जुळतो. त्यांपैकी एका तरी पानाच्या मालकाचं पत्र जोडून गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत खुलासा करावा.

ती तीन पानं आमची होती. माझं आणि विभागातल्या दोघा मुलांचं; त्यांनाही तिनं वहीतलंच काढून दिलं होतं. ताई उत्तर वाचून म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ." मग तिनं आम्हा तिघांना एकच निरोप पाठवला. जमलं तर दोन ओळी लिहून द्या, नाही जमलं तरी चालेल. हे दुसरं वाक्य लिहायची काही गरज नव्हती. आम्ही तिघांनीही नेमकं तेच धरून ठेवलं.

एकानं बघतो म्हटलं आणि पुन्हा बघितलं नाही. दुसऱ्यानं फोनच उचलला नाही. आणि माझं गुरुवारी सकाळी भाषण होतं, त्याच वाक्यावर. आधी भाषण उरकू, मग लिहू, पाचपर्यंत वेळ आहे की, असं मी मनाशी ठरवलं. भाषण चांगलं झालं. मग चहा, मग फोटो. चार वाजता परत आले आणि पत्र लिहायला बसले. 'हा मजकूर तिचाच आहे' असं लिहिलं आणि अडले. कशावरून, असं विचारतील. ते वाक्य तिला कुठून सुचलं हे मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षांत आम्ही कुणीही तिला तिचा प्रश्न विचारला नव्हता.

जिना चढून गेले. विचारलं, "ताई, तू यात आलीस कशी?"

तिनं मान वर केली नाही. "वडील कालव्यावर होते. दारं उघडायची, लावायची. पाणी सोडायच्या आधी भिंतीला हात फिरवायचे. गोगलगायी हाताला लागल्या की म्हणायचे, बरं आहे. नाही लागल्या तर गुरं लांब न्यायला सांगायचे. मी एकदा म्हटलं, पिऊनच बघा ना. तर तेच बोलले ते, जे तुझ्या पानावर आहे."

मी धावत खाली आले, सगळं लिहिलं, पाठवलं. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

उत्तर एका ओळीचं आलं. खुलासा मुदतीनंतर प्राप्त, सबब विचारात घेता येत नाही. मी ताईला दाखवलं. "लिहिलंस ना, मग झालं," ती म्हणाली आणि किटली लावली. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिनाअखेर ती विभाग सोडून गेली. कुप्या विभागाच्या म्हणून इथेच राहिल्या.

आता माझ्या पानावर त्या वाक्याखाली मी लिहिलं आहे की हे वाक्य माझं नाही, कालव्याची दारं सांभाळणाऱ्या एका माणसाचं आहे, त्याच्या मुलीनं ते मला दिलं आणि तिला गरज होती तेव्हा मी उशीर केला. लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. दुपारपर्यंत तीनशे लोकांना ते आवडलं. एकानं खाली लिहिलंय, किती मोठं मन आहे तुमचं, आमच्याकडे बोलायला याल का?