कुजबुज्या उस्ताद

माझा मामा घरात शिरायचा तो कुणाला पत्ता न लागू देता. कडी वाजायची नाही, फरशीवर पाऊल ऐकू यायचं नाही. स्वयंपाकघरात मामी मागे वळायची, तर हा पाण्याचा पेला हातात धरून उभा. दचकून तिच्या हातून किती बशा फुटल्या, त्याला गणती नाही.

"अहो, निदान खाकरत तरी जा," ती म्हणायची. "नवरा आलाय की मांजर, तेच कळत नाही मला."

मामा हसायचा. तेही आवाज न करता.

तो सैन्याच्या एका खास पथकात होता. पथक कुठे जातं, काय करतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारायचं नाही, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. तो फक्त विमानातून मारलेल्या उड्यांबद्दल बोलायचा. मी लहान होते. त्याच्या शेजारी गादीवर लोळत मी तेच तेच पुन्हा विचारायचे.

"दार उघडतं," तो सांगायचा, "वारा अंगावर येतो, आणि मग काहीच उरत नाही. ढगात शिरलं की आपण पडतोय असं वाटतच नाही. लहानपणी कुणीतरी आपल्याला झोपेतच उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवतं ना, तसं वाटतं."

ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा.

बाकीचं त्यानं निवृत्तीनंतर सांगितलं. पथकात कामं जोडीनं करायची. मामाचा जोडीदार अंगानं अगदी किरकोळ होता. हवाई छत्री उघडली की गिरक्या घेत खाली यायचा, म्हणून सगळे त्याला पाकोळी म्हणत. कामावर असताना बोलायची बंदी. बोट हललं, मान कलली, की समोरच्यानं समजायचं. "पाकोळीशी मी जेवढं बोललो तेवढं कुणाशीच बोललो नाही," मामा म्हणायचा, "आणि तोंड तर दोघांनीही उघडलं नव्हतं."

एका पहाटे त्यांचं पथक नदी ओलांडत होतं. पलीकडच्या काठावर शत्रूचा पहारा होता. दोराला धरून एकामागून एक सगळे पाण्यात उतरले होते. मध्यावर पाकोळीचा हात सुटला. मामा त्याच्या मागेच होता. पकडायला गेला तसा ओढीनं खडकावर आपटला आणि त्याचा गुडघा फुटला. पाकोळी वाहत निघाला. त्यानं हाक मारली नाही. मामानंही मारली नाही. एका हाकेनं सगळ्यांचा जीव गेला असता, हे दोघांनाही माहीत होतं. पाण्यावर एकदा हात वर आला, सगळं ठीक आहे अशी खूण केल्यासारखा, आणि मग नुसतं पाणी राहिलं.

काम फत्ते झालं. पाकोळीचा देह पुढे खालच्या अंगाला सापडला.

गुडघा बरा होईपर्यंत उडी नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग वरिष्ठांनी मामाला नव्या रंगरुटांच्या प्रशिक्षण केंद्रावर पाठवलं, कवायतीचा उस्ताद म्हणून. मामीला आनंद झाला. नवरा जमिनीवर राहणार, रोज घरी येणार. पण मामाचं तिथे भलतंच झालं.

केंद्राचं मैदान अफाट होतं. सकाळी त्यावर धुरकट उजेड पसरलेला असायचा आणि त्यात रंगरुटांच्या ओळी अर्धवट पुसल्यासारख्या दिसायच्या. उस्तादानं या टोकाला हुकूम द्यायचा आणि त्या टोकाच्या पोराची टाच खटकन जुळली पाहिजे. मामानं छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि "सावधान" इतकं हळू बाहेर पडलं की पहिल्या ओळीनंही एकमेकांकडे पाहिलं. "उजवीकडे वळ" म्हणाला तर निम्मे उजवीकडे, निम्मे डावीकडे, आणि एक जण तर तसाच उभा. आठवडाभरात पोरांनी नाव पाडलं, कुजबुज्या उस्ताद.

मामाचं बाकी सगळं चोख होतं. अंगठा पँटच्या शिवणीला कसा लागावा, हात खांद्याइतकाच कसा जावा, हे तो एकेकाजवळ जाऊन हातानं दाखवायचा. आवाज मात्र येईना. घरी येऊन तो खिडकीशी बसून राहायचा. मामीनं मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, मध चाटवला. "घसा ठीक आहे गं," तो म्हणायचा. "तो मला विसरलाय."

केंद्रावर एक थोरले उस्ताद होते. निवृत्तीला टेकलेले, मिशा पांढऱ्याफेक, आणि आवाज असा की झाडावरची पाखरं उडावीत. त्यांनी एके दिवशी मामाला सांगितलं, "उद्या पहाटे नदीवर ये."

"नदीवर कशाला, उस्ताद?"

"पलीकडे शेळ्या चरतात. त्यांनी माना वर केल्या पाहिजेत. एवढंच."

मामा गेला. ही ती नदी नव्हती, पण नदी ती नदीच. पाण्यावरून वाफ निघत होती आणि पलीकडचा काठ जणू हवेत तरंगत होता. मामानं हुकूम दिला. शेळ्या चरत राहिल्या. पुन्हा दिला. एका करडानं शेपूट हलवली, तीही माशी बसली म्हणून.

"आवाज घशात नसतो, गड्या, पोटात असतो," थोरले उस्ताद म्हणाले. "तुझ्या पोटात काय अडकलंय ते तुझं तुला ठाऊक. मी विचारत नाही. मी इथे दगडावर पाठ करून बसतो."

आणि खरोखरच ते पाठ फिरवून बसले.

असं कितीतरी पहाटा चाललं. मग एकदा काय झालं, ते मामालाही नीट सांगता यायचं नाही. धुकं दाट होतं. पाण्यातून एक ओंडका वाहत आला, त्याची एक फांदी वर उभी होती. मामा म्हणायचा की आपण जागे होतो की झोपेत, तेच त्याला कळेना. त्याच्या तोंडून हाक निघाली. "पाकोळीऽऽ!"

हाक नदीवरून गेली, पलीकडच्या टेकडीला लागली आणि परत आली. मामानं पुन्हा मारली, पुन्हा मारली, घसा फाटेपर्यंत. गुडघ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

थोरले उस्ताद बराच वेळ वळले नाहीत. मग उठले, पाठीमागची धूळ झटकली आणि म्हणाले, "शेळ्या केव्हाच्या पळाल्या. चल, चहा घेऊ."

त्या दिवसापासून मामाचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ लागला. पोरं चपापली, पण पाडलेलं नाव काही पुसलं नाही. मामालाही ते आवडू लागलं होतं. तो त्यांना इतर उस्ताद शिकवायचे ते सगळं शिकवायचा, आणि वर आपलंही थोडं घालायचा. डोळे मिटून कदमताल करायला लावायचा. शेजाऱ्याच्या टाचेवरून आपली टाच ओळखा, म्हणायचा. सगळ्यांना स्तब्ध उभं करून विचारायचा, "काय ऐकू येतं?" कुणी म्हणे वारा, कुणी म्हणे झेंड्याची दोरी, कुणी म्हणे स्वतःचं पोट. मैदानावरून जाणाऱ्या एका साहेबांनी भुवया उंचावल्या. "ही कवायत आहे की झोपेचा वर्ग?"

"दोन्ही, साहेब," मामा म्हणाला.

त्या तुकडीचं शिक्षण संपत आलं तेव्हा डोंगरावरची कूच होती. पाठीवर ओझं, एकामागे एक चालायचं. मामा लंगडत शेवटी चालत होता. माथ्यावर पोहोचतात तोच ढग उतरला. समोरच्याची पाठ दिसेना. पुढची पोरं तरणी, घरी जायच्या ओढीची, चालतच राहिली.

मामाला एक खडा घरंगळल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. आणि मग फार खोलवर, टप्.

"थांब!"

एवढंच. पण ते पोटातून आलं होतं. धुक्यातल्या साऱ्या टाचा एकाच ठोक्यात जुळल्या आणि डोंगर गप्प झाला. का, कशाला, असं कुणी विचारलं नाही. कुणाचं अर्धं पाऊलही पुढे पडलं नाही. मामा ओळीच्या कडेनं पुढे गेला, प्रत्येकाच्या खांद्याला नुसता हात लावत. सर्वांत पुढे एक उंच पोरगा उभा होता. त्याच्या बुटाच्या टोकापुढे जमीन नव्हती. जुनी दगडाची खाण होती, धुक्यानं काठोकाठ भरलेली. ती अशी मऊ दिसत होती, की पाऊल टाकावं आणि झोपून जावं.

मामानं त्याचा पट्टा धरून त्याला मागे घेतलं. पोरानं वाकून खाली पाहिलं.

"उस्ताद, मला वाटलं रस्ताच आहे."

"मलाही वाटलं असतं, बाळा," मामा हळूच म्हणाला.

गुडघा बरा झाल्यावर पथकानं मामाला परत बोलावलं. तो गेला. आणि पुन्हा मैदानावरही आला. पुढली सगळी नोकरी त्यानं अशीच काढली. काही वर्षं ढगांत, काही वर्षं मैदानावर. पथकातले म्हणायचे, तिकडे जाऊन हा कवायतवाला झाला. मैदानावरचे म्हणायचे, हा वरून पडलेला माणूस आहे. शेवटच्या खेपेला वरिष्ठांनी त्यालाच विचारलं, कुठे राहायचंय? पथकात राहिला असता तर हुद्दा वाढला असता. मामानं मैदान मागितलं. मामीनं कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "तिथे मला हाक मारता येते."

निवृत्तीनंतर ते दोघं गावाच्या टोकाला एका छोट्या घरात राहायला आले. मामी कपडे शिवते. दुपारी मी कधी गेले तर मशीन चालू असतं आणि मामा पलीकडच्या खाटेवर पडलेला असतो. परवा गेले तेव्हा पडद्यातून पिवळा उजेड त्याच्या पायांवर आला होता. मी चप्पल काढताना जरा आवाज झाला.

"झोपलाय का गं?" मी विचारलं.

मामीनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "हो. आणि बघ, झोपेत हसतात हल्ली," ती म्हणाली. "चांगले मोठ्यानं हसतात. शेजारचे विचारतात, काय झालं म्हणून."

मी खाटेशी जाऊन पाहिलं. मामाचे ओठ किंचित उघडे होते, छाती संथपणे वर-खाली होत होती, आणि एक हात उशीवरून खाली सैल लोंबत होता. मामीनं दोरा दातानं तोडला, कापड फिरवलं आणि पुन्हा पायडलवर पाय ठेवला.