मेहुण्याच्या गाडीचा निळा पाइप

मेहुण्याच्या बाइकला मी ना ओरखडा काढला, ना ती कुठे ठोकली. मी तिची फक्त काळजी घेतली.

निखिल, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आठ दिवस गावाला गेला आणि नवी कोरी बाइक आमच्या गोखिवऱ्याच्या सोसायटीत ठेवून गेला. "भावोजी, रोज सकाळी पाच मिनिटं चालू करा. बॅटरी उतरायला नको." त्याने पहिल्यांदाच माझ्यावर काहीतरी सोपवलं होतं! (मला गॅसचा सिलिंडरसुद्धा नीट लावता येत नाही, असं त्याचं ठाम मत. ते बरोबर आहे. पण मत बदलायची हीच संधी होती.) म्हणून पाच मिनिटांऐवजी मी रोज अर्धा तास गाडी जागच्या जागी घुरघुरत ठेवली. वर अधूनमधून ॲक्सिलेटरही पिळला.

शनिवारी पाहतो तो काय, इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा चकचकीत स्टीलचा पाइप पिवळा, जांभळा, निळा झालेला! आणि निखिल रविवारी चारला येणार होता.

"उभ्या गाडीला वारा लागत नाही, पाइप तापणारच," खालच्या मजल्यावरचे मोरेकाका म्हणाले. काकांची उभी हयात स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात गेलेली.

"ॲसिड मारू का? बाथरूमचं आहे."

"बाथरूममध्येच राहू दे ते! तारेची घासणीही नको, ओरखडे पडतील. पाइप पूर्ण गार होऊ दे. हातमोजे घाल, साबणाच्या पाण्याने धू, मग मऊ फडक्यावर हे स्टीलचं पॉलिश घेऊन हलक्या हाताने घास. शेवटी स्वच्छ पूस. आणि नंतर उघडा हात लावायचा नाही."

"का?"

"हाताचं तेल लागतं. इंजिन तापलं की ठसा भाजून पक्का होतो."

रविवारी सकाळी दोन तास घासलं. निळा गेला, जांभळा गेला, शेवटी पिवळाही गेला. पाइपमध्ये माझा चेहरा दिसायला लागला तेव्हा, खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. बायकोला खाली बोलावलं.

"अहो, हे तुम्ही केलंत?" तिच्या आवाजातला संशय मी कौतुक म्हणून घेतला.

"बघ, कसा गुळगुळीत झालाय!" मी हातमोजा काढून पाइपवरून हात फिरवून दाखवला. मग वॉचमनला दाखवला, मग शेजारच्या वहिनींना. प्रत्येकाला बजावलं, "हात लावायचा नाही हं!" आणि प्रत्येकासमोर स्वतः हात फिरवला.

पावणेचारला शेवटची काळजी म्हणून गाडी सुरू केली. दहा मिनिटांत पाइपवर तपकिरी ठसे उमटले. बोटं, तळवा, सगळं! पुसावं तर पाइप तापलेला आणि निखिल गेटमधून आत येत होता.

"हे काय, भावोजी?"

"लोकांना किती सांगितलं, हात लावू नका म्हणून! ही, वॉचमन, वहिनी..."

"मी बोटसुद्धा लावलेलं नाही," बायको म्हणाली.

"भावोजी, तुमचा हात धरा बघू इथे. लांबूनच!"

धरला. माझी करंगळी जन्मापासून वाकडी आहे. पाइपवरच्या सगळ्या करंगळ्या वाकड्या होत्या.

निखिल चिडला असता तर बरं झालं असतं. तो पोट धरून हसला. "ताई, पुढच्या वेळी चावी तुझ्याकडे. भावोजींना गाडी गॅलरीतून दाखव."

ठसे मीच काढून देतो म्हणालो, तर त्याने गाडीजवळ येऊ दिलं नाही. आता माझी देवाजवळ एकच प्रार्थना आहे, ती गाडी कधी चोरीला जाऊ नये. पोलीस सरळ माझ्याच दारात येतील!